आत्याचं आइसलँडिक

माझी आत्या समोरासमोर बोलत नाही. भांडण वगैरे काही नाही. तिचं पार्लर आहे, आणि पार्लरवाली गिऱ्हाइकाशी आरशातून बोलते. गिऱ्हाईक खुर्चीत, आत्या खुर्चीच्या मागे, दोघींची तोंडं एकाच दिशेला आणि गप्पा समोरच्या काचेत. उभी हयात अशी गेल्यामुळे सल्ला देणं, समजूत घालणं, स्थळं सुचवणं, एखादीची हजेरी घेणं, हे सगळं तिला आरशातून झकास जमतं. तेच माणूस रस्त्यात समोर आलं की ती बावचळते. बँकेतली कॅशियर तिच्याकडे वर्षानुवर्षं केस रंगवायला येते. एकदा ती बाजारात भेटली, चांगली ऐसपैस बोलली आणि आत्या नुसती "हो का, हो का" करत राहिली. कॅशियर वळून चालायला लागली तेव्हा आत्या मला म्हणाली, "अगं, ही तर आपली कॅशियर." तिला माणसं मागून ओळखू येतात. मानेवरून, कानामागच्या पांढऱ्या बटेवरून आणि मुख्य म्हणजे टाळूवरच्या भोवऱ्यावरून.

तिची दुसरी खोड म्हणजे ती आपले केस आपणच कापते. मागचेसुद्धा. समोर भिंतीवरचा मोठा आरसा, डाव्या हातात गिऱ्हाइकांना मागची बाजू दाखवायचा लहान आरसा, उजव्या हातात कात्री, आणि मान अशी वळवलेली की बघणाऱ्याच्या मानेला रग लागावी. मी कितीदा म्हटलं, दुसरी कोणी पार्लरवाली बघ. "माझं मी बघते," हे ठरलेलं उत्तर. आतोबा गेले तेव्हा माझा आत्येभाऊ, म्हणजे आमचा दादा, शाळेत होता. तेव्हापासून अडकलेलं शटर सोडवण्यापासून ते ताप आला तर आपल्याच कपाळावर ओल्या पट्ट्या ठेवण्यापर्यंत सगळं तिचं ती बघत आली. खाली रस्त्यावर तिचं पार्लर, वर ती, तिच्यावर मी. मी शाळेत गणित शिकवते आणि दुसऱ्याच्या मदतीला धावायची मला भारी हौस आहे. आत्याने ती कधी पुरवू दिली नाही.

दादा शिकायला म्हणून लांब थंड मुलखात गेला आणि तिकडच्याच मुलीशी लग्न करून राहिला. वहिनी फार गोड आहे, आणि काहीही झालं तरी हसते, हा तिचा आणखी एक गुण. त्यांना पाच वर्षांची मुलगी आहे. तिचं खरं नाव उच्चारताना जिभेला गाठ बसते, म्हणून आत्या तिला ठकू म्हणते. ठकू आइसलँडिक बोलते. दादाने तिला मराठी शिकवायचं ठरवलं आहे. तो ती जन्मल्यापासून ठरवतोच आहे.

त्यामुळे दर रविवारी फोनवर दादाची दुभाषेगिरी चाले. ठकू हातवारे करून, डोळे मोठे करून, मध्येच खाली बसून, कुणालातरी ढकलल्याचा अभिनय करून भलंमोठं काहीतरी सांगायची. मग दादा म्हणायचा, "शाळेत मजा आली म्हणते."

"एवढी बडबडली ती," आत्या म्हणायची. "कुणीतरी पडलं, कुणीतरी रडलं, कुणालातरी शिक्षा झाली. आणि तू म्हणतोस मजा आली?"

"तेच गं आई. सारांश सांगितला."

"मला सारांश नको."

आत्या जे बोलायची तेही तिकडे सारांशच होऊन पोहोचत असणार, कारण ठकू अर्धवट ऐकून पळून जायची. एका रविवारी फोन ठेवायच्या आधी तिने बापाला काहीतरी विचारलं आणि दादाने हसत हसत आम्हाला सांगूनही टाकलं. "विचारतेय, फोनमधली आम्मा आता बंद करायची का?" आम्मा म्हणजे त्यांच्याकडे आजी. आम्ही सगळे हसलो, आत्याही हसली. मग खाली पार्लरमध्ये गेली आणि सकाळीच धुतलेले कंगवे पुन्हा धुवायला काढले. मी मागोमाग गेले तेव्हा आरशातून म्हणाली, "मी फोनमधली बाई झालेय गं. मला बटण आहे. या सुट्टीत येणारेत ते. ठकू माझ्याशी बोलली पाहिजे. माझ्याशी, मध्ये दादा न घालता. पुढच्या खेपेला मोठी झालेली असेल, मग कुठली माझ्याकडे बघतेय."

दादाला विचारलं तर तो म्हणाला, "तू कशाला शिकतेस आई, मी आहे ना." त्याला काय माहीत, दुखणं तेच होतं ते.

मी शिकणाऱ्यांसाठी असतं तसलं एक आइसलँडिक व्याकरणाचं पुस्तक मागवून दिलं. सोबत फोनवर ऐकायला धड्यांचं रेकॉर्डिंग. आत्याने पहिल्यांदा अनुक्रमणिकेवरून बोट फिरवलं आणि पहिले सहा धडे एका फटक्यात उडवले. माझं नाव अमुक, मी तमुक गावची, हे टेबल आहे. "ठकूला माझं नाव काय करायचंय? आणि टेबल तिला दिसतं." बोट सातव्या आणि आठव्या धड्यापाशी थांबलं. सातवा, आपण आपलंच काही करतो तेव्हाची सर्वनामं. आठवा, काळवेळेचे शब्द.

"हेच," आत्या म्हणाली. "पाच वर्षांच्या पोरीचा दिवस म्हणजे काय? तोंड धू, केस विंचर, कपडे घाल, धावू नको लागेल, लवकर आवर. आणि हे सगळं कधी? तर आत्ता, मग, उद्या. संपलं."

सहा धडे सोडून सातवा उघडणं म्हणजे माझ्यातल्या मास्तरणीच्या जिवाला घोर. मी म्हटलं, "अगं पाया नको का?"

"मला इमारत बांधायची नाहीये. एका पोरीचे केस विंचरायचेत."

आणि मग आमच्या गल्लीत आइसलँडिक सुरू झालं.

सातव्या धड्यात एक माणूस होता. फोनमधून त्याचा खर्जातला आवाज यायचा. तो उठतो, तोंड धुतो, दाढी करतो, केस विंचरतो, कपडे घालतो, घाई करतो, त्याला लागतं, तो आराम करतो. प्रत्येक वाक्याच्या शेपटाला 'सिग' नाहीतर 'स्येर' असा एक चिमुकला शब्द, म्हणजे आपलं 'स्वतःला'. थ्वाइर स्येर, स्वतःला धुतो. राकार सिग, स्वतःची भादरतो. आत्या गिऱ्हाइकाचे केस कापता कापता त्याच्यामागून म्हणायची, आणि डोक्याला रंग फासून बसलेली कॅशियर तिच्यामागून.

"हा माणूस दिवसभर स्वतःचंच करत असतो हो," एकदा कॅशियर म्हणाली. "घरी कोणी नाही का याच्या?"

"मला तीच काळजी लागलीये," आत्या म्हणाली. "घाई करतो, लगेच त्याला लागतं. आणि विचारपूस करायला कोणी नाही. तसाच आडवा होतो बिचारा." मग आरशातून कॅशियरकडे निरखून बघितलं. कॅशियरचं लग्न झालेलं नाही. "आवाज चांगला आहे. दाढी रोजच्या रोज करतो."

"उंची कळली असती तर बरं झालं असतं," कॅशियर म्हणाली.

आता कुठे 'सिग' म्हणायचं आणि कुठे 'स्येर', यावर घोडं अडलं. पुस्तकात लिहिलं होतं की एक द्वितीया आणि दुसरी चतुर्थी. मी शाळेत घोकलं होतं, द्वितीया स, ला, ते. चतुर्थी स, ला, ते. दोन्हींना प्रत्यय एकच, तेव्हा आम्हा मराठी माणसांना यात फरक दिसावा तरी कसा. पण आत्याने धंद्यातून एक नियम शोधून काढला. धुतले, विंचरले तरी केस डोक्यावर राहतात, म्हणून तिथे स्येर. भादरले की जातात, तिथे सिग. हा नियम तिने इतक्या ठामपणे मांडला की मीही मान डोलावली. पुढच्याच वाक्यात तो माणूस कपडे घालतो तिथे सिग निघालं. आत्याने पुस्तक जरा लांब धरून बघितलं. मग म्हणाली, "थंडी असते तिकडे. इतके कपडे घातल्यावर माणूस दिसतो कुठे? गेलाच की तो." नियम वाचला. घाई करण्याला स्येर का, हे विचारायची माझी हिंमत झाली नाही.

आपला आणि त्याचा, हा भेद मात्र तिला एका क्षणात कळला, कारण तो आपल्याकडेही आहे. शेजारच्या दुकानातले चष्मेवाले काका पार्लरमध्ये छत्री घेऊन आले होते आणि जाताना दुसऱ्याच गिऱ्हाइकाची उचलून निघाले. आत्या ओरडली, "काका, आपली घ्या, त्याची नको." मग मलाच म्हणाली, "बघ, आला धडा."

आठव्या धड्याने तर कहर केला. त्यांच्याकडे परवासाठी दोन निरनिराळे शब्द आहेत, गेलेल्या परवासाठी एक आणि यायच्या परवासाठी दुसरा. आत्याला हे फार श्रीमंतीचं वाटलं. आणि साडेतीन वाजले की ते 'अर्धा चार' म्हणतात, हाउल्व फ्यॉगुर, म्हणजे चारकडे निघालोय आणि अर्ध्या वाटेत आहोत. आत्याने सरावासाठी गिऱ्हाइकांना वेळा तशाच द्यायला सुरुवात केली. 'अर्धा चार' ऐकून चष्मेवाले काका साडेचारला आले, कॅशियर साडेतीनला आली आणि एक नवीन बाई दोन वाजताच येऊन बसली. कारण चाराचं अर्धं दोन. त्या बाईविषयी मला मनापासून आदर वाटला.

पण या सगळ्यात आत्याने जपून, तासून, धार लावून ठेवलेलं वाक्य एकच होतं. माउ येग ग्रेइदा थ्येर? मी तुझे केस विंचरू का? खुर्चीत बसणाऱ्या प्रत्येकाला, कंगवा हातात घेऊन, आरशात बघून ती हा प्रश्न विचारायची, आणि ज्याने त्याने "याऊ" म्हणजे हो म्हणायचं असा दंडक होता. चष्मेवाल्या काकांच्या डोक्यावर केस असे नाहीतच, पण तेही म्हणायचे याऊ. ठकू आल्यावर पहिलं वाक्य हेच बोलायचं, हे ठरलं होतं. मी एकदा विचारलं, "आणि ती नाही म्हणाली तर?" आत्याने माझ्याकडे असं बघितलं की मी विषय बदलला.

ते आले त्या दिवशी आत्या सकाळपासून हवेत होती. दोनदा जिना उतरून रस्ता बघून आली, चपला एकदाही जोडीच्या नव्हत्या. टॅक्सी थांबली, बॅगा वर आल्या, दादा आला, वहिनी आली. दादाच्या पायामागे तोंड लपवून एक मुलगी उभी होती, आणि आमच्याकडे तिची फक्त पाठ. टाळूवर शेजारी शेजारी दोन भोवरे. दादाला आहेत तसे, आत्याला स्वतःला आहेत तसे. आत्याच्या तोंडून नुसतं "अगं बाई" निघालं.

मग ठकू वळली. तिने एक बूट काढला, पुढे आली आणि मान वर करून आजीच्या तोंडाकडे बघत उभी राहिली. वाट बघत होती. वाटेत दादाने तिला सांगितलं होतं म्हणे की आम्मा तुझ्याशी बोलणार आहे.

आणि आत्याची पाचावर धारण बसली. खुर्ची नाही, आरसा नाही, कंगवा नाही, समोर चक्क एक माणूस. ओठ हलले, बंद झाले, पुन्हा हलले. सातवा धडा आत गडगडत असावा, कारण त्यातून जे हाताला लागलं ते तिने बाहेर फेकलं.

"फ्लीत्तु थ्येर," आत्या म्हणाली. म्हणजे, चल, आटप लवकर.

ठकूने आपल्या बुटाकडे बघितलं. मग शहाण्या मुलीसारखा तो पुन्हा पायात घातला, आपली छोटी बॅग पाठीला लावली आणि तडातडा जिना उतरून गेली. दादा तिच्या मागे. वहिनी जिन्यातच मटकन बसली आणि हसून हसून तिला उचकी लागली. ठकू टॅक्सीत सापडली. पट्टा लावून तयार बसली होती, आणि टॅक्सीवाला आता कुठे जायचं म्हणून तिलाच विचारत होता.

आम्ही सगळे हसलो. मी तर भिंतीला टेकून हसले. आत्या हसली नाही. तिने सगळ्यांना पाणी दिलं आणि ठकूच्या हातात पेला देताना दादाकडे बघून म्हणाली, "तिला सांग, गार आहे, सावकाश पी."

ते ऐकून माझं हसू जागच्या जागी थांबलं. दुसऱ्या दिवशीही तेच. दादा, तिला सांग ना. दादा, तिला विचार ना. स्वतःच्या कपाळावर स्वतः पट्ट्या ठेवणारी ही बाई, आणि आपल्याच नातीला पाणी हवं का, हे दुसऱ्याकरवी विचारत होती. ठकूही मग बापाच्या तोंडाकडेच बघायची. आजीकडे बघायचं तिला काही कारणच उरलं नव्हतं. मला भयंकर राग आला. कुणाचा ते कळेना, म्हणून मी तो दादावर काढला. तो म्हणाला, "मी काय केलं?" काही केलं नव्हतं त्याने. भाषांतर करत होता बिचारा.

तिसऱ्या दिवशी दादा-वहिनी कसल्याशा कामाला बाहेर गेले आणि ठकूला माझ्या गळ्यात टाकून गेले. मी काही डाव वगैरे रचला नव्हता. घरातली चहापत्ती संपली होती, आत्याकडे पार्लरमध्ये असते, म्हणून मी ठकूचं बोट धरून खाली गेले. आत्या पाठ करून टॉवेलांच्या घड्या घालत होती. ठकूने पेडलने वरखाली होणारी, गोल फिरणारी खुर्ची बघितली आणि माझं बोट सुटलं. एक पाय ठेवायच्या दांडीवर, एक गुडघा गादीवर, की बसली.

आत्या वळली. तिला खुर्चीत एका डोक्याची मागची बाजू दिसली. दोन भोवरे, आणि त्यांच्याभोवती प्रवासापासूनचा गुंता.

पुढचं तिने केलं असं मी म्हणणार नाही, ते तिच्या अंगाने केलं. पाय चालत खुर्चीच्या मागे गेले. एका पायाने पेडल दाबलं, खुर्ची वर आली. हाताने कंगवा उचलला. डोळे आरशात गेले आणि तिथे ठकूचे डोळे होते. आणि कॅशियरला विचारावं इतक्या सहज आत्याने विचारलं, "माउ येग ग्रेइदा थ्येर?"

ठकू आरशातल्या आजीकडे बघत राहिली. मग नाक वर करून म्हणाली, "नेइ. येग ग्येत स्याउल्व."

सातव्या धड्याच्या शेवटी होता हा शब्द, म्हणून मलाही कळलं. नको, माझं मला येतं. मी डोळे मिटून घेतले. इतक्या जणांनी याऊ म्हटलं होतं आणि जिच्यासाठी हा सगळा खटाटोप तीच नेमकी नाही म्हणाली.

डोळे उघडले तर आत्याचा चेहरा कानापासून कानापर्यंत पसरला होता.

"ऐकलंस?" ती मला म्हणाली. "काय म्हणाली ऐकलंस? माझं मी बघते म्हणाली."

"आत्या, तुला नाही म्हणाली ती."

"हो ना. मला नाही म्हणाली. मला म्हणाली, आणि मला कळलं." आणि ती खुर्चीची पाठ धरून हसायला लागली. ही हसते म्हणून ठकू हसायला लागली, त्या दोघी हसतात म्हणून मी. चष्मेवाले काका काय झालं म्हणून डोकावले आणि कारण न विचारताच हसून गेले.

आत्याने कंगवा तिच्या हातात दिला. ठकूने समोरचे केस विंचरले, मागचा गुंता तसाच ठेवला, कारण तो आरशात दिसत नाही. मग तिला एकदम काहीतरी आठवलं. कंगवा आरशातल्या आजीवर रोखून तिने एक लांबलचक वाक्य म्हटलं. त्यातलं 'ई फिर्रादाग' आणि 'फ्लीत्तु थ्येर' एवढं मला लागलं. परवा, म्हणजे गेलेला परवा, तू मला लवकर आटप म्हणालीस. आत्याकडे याला उत्तर द्यायला शब्द नव्हते, तो बहुधा नववा धडा असावा. तिने आरशात बघत आपल्या कपाळावर फटकन हात मारून घेतला, डोळे फिरवले आणि जीभ बाहेर काढली. ठकू खुर्चीत आडवी होऊन हसली. माफी स्वीकारली गेली.

तिने खाली उडी मारली आणि रिकाम्या खुर्चीवर दोनदा थापटलं. "माउ येग ग्रेइदा थ्येर, आम्मा?"

आत्या मला कधीही त्या खुर्चीत बसलेली दिसली नव्हती. दुपारी पाठ टेकायची तर बाकावर टेकेल, खुर्ची गिऱ्हाइकाची. आणि डोक्याला तर तिच्या, आतोबा गेल्यापासून, दुसऱ्या कुणाचा हात लागलेला मला ठाऊक नाही. मी मनात तिचं वाक्य तिच्या आधीच म्हणून टाकलं, माझं मी बघते.

"याऊ," आत्या म्हणाली आणि बसली.

ठकू स्टूल ओढून वर चढली. आत्याने मान जराशी वळवली तर मागून दरडावणी आली, "एक्की ह्रेइवा थिग." हलू नको. जगातल्या सगळ्या पार्लरवाल्या हेच म्हणतात. मग कंगवा फिरायला लागला, आडवा, उभा, तिरका. भांग कानाच्या वर सुरू होऊन टाळूवर हरवला. ट्रेमधले होते नव्हते तेवढे चिमटे एकाच बाजूला लागले. मध्येच एक बट अशी ओढली गेली की मीच "आई गं" म्हणाले. आत्या डोळे मिटून बसली होती. तिच्या चेहऱ्यावर इतकं सुख होतं की मला रडू आलं, आणि चहापत्तीचा डबा शोधायचं निमित्त करून मी ते आवरलं.

तेवढ्यात दादा आणि वहिनी दारात आले. ठकूची तोंडाची टकळी चालूच होती, आत्या मध्ये मध्ये "याऊ" आणि "आउ मोर्गुन", म्हणजे उद्या, असं घालत होती. दादाला सवयीने राहवेना. "आई, ती म्हणतेय की..."

ठकूने त्याच्याकडे कंगवा रोखला आणि काहीतरी सुनावलं. दादाचा चेहरा पडला. वहिनीला पुन्हा उचकी लागली.

"काय म्हणाली?" मी विचारलं.

"मला गप्प बस म्हणाली."

आत्याने डोळे उघडले आणि आरशातून लेकाकडे बघितलं. "सारांश नको. पूर्ण सांग."

"म्हणाली, मध्ये बोलू नको, मी आम्माशी बोलतेय."

आत्याने ठकूचा कंगव्याचा हात धरून क्षणभर आपल्या गालाला लावला. ठकूने तो सोडवून घेतला, कारण काम अर्धवट होतं.

दुसऱ्या दिवसाची वेळही तिथेच ठरली. "आउ मोर्गुन?" ठकूने विचारलं. "आउ मोर्गुन, हाउल्व फ्यॉगुर," आत्या म्हणाली. उद्या, अर्धा चार. ती वेळ कॅशियरची होती. कॅशियर आली, बाकावर बसून राहिली आणि एका शब्दाने तक्रार न करता सगळा कार्यक्रम बघत बसली. आत्या ते चिमटे आणि तो भांग तसाच घेऊन बाजारात गेली, दुकानात गेली, चार माणसांत वावरली. चष्मेवाल्या काकांनी आपला चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला आणि विचारलं, "हे कुणी केलं?"

"माझ्या पार्लरवालीने," आत्या म्हणाली, अगदी समोरासमोर.

सुट्टी संपली, ते गेले. आता रविवारी दादा फोन लावतो, टेबलावर उभा करतो आणि खोलीतून निघून जातो. ठकू आणि आत्या बोलतात. आत्या नवव्या धड्यावर आहे. तिचं अर्धं चुकतं, आणि चुकलं की ठकू सुधारते, मास्तरणीसारखी बोट नाचवत. शेवटी ठकू तिला मागे वळायला सांगते, फोनमधून डोकं नीट तपासते आणि म्हणते, "नाइस्ता सुमार." पुढच्या उन्हाळ्यात.

आत्याचे केस खांद्याच्या खाली आलेत आणि टोकं वेडीवाकडी वाढलीत. पार्लरवालीच्याच डोक्याची ही दशा बघून गिऱ्हाइकं टोमणे मारतात. परवा, गेलेल्या परवा, मीही म्हटलं, आण ती कात्री, मी कापून देते. माझं मी बघते, हे ऐकायची तयारी ठेवूनच म्हटलं होतं.

"नको गं," आत्या आरशातून म्हणाली. "माझी पार्लरवाली यायचीये."

तो लहान आरसा आता फक्त गिऱ्हाइकांसाठी आहे. आत्या आपले केस आपण कापत नाही.